लिटरला किती? नांदेड-लातूर मार्गावरील एका जुन्या वादाचे स्वरूप

मोटारसायकल एका लिटर पेट्रोलमध्ये किती किलोमीटर जाते, हा प्रश्न वरवर पाहता यंत्रशास्त्राचा आहे. मात्र नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत त्याचे उत्तर देताना यंत्राचा विचार सर्वांत शेवटी केला जातो. धावलेल्या किलोमीटरांना जळालेल्या लिटरांनी भागले असता जी संख्या येते, तिला या भागात ‘ॲव्हरेज’ म्हणतात, आणि ही संख्या गाडीच्या नावावर सांगितली जात असली तरी ती मालकाच्या खात्यावर जमा होते. तीत त्याची काटकसर, खरेदीच्या वेळी दाखवलेला चोखंदळपणा, मिस्त्री निवडण्यातील पारख आणि एकूणच प्रपंच रेटण्याची कुवत हे सर्व धरलेले असते, त्यामुळे सत्तर सांगणाऱ्यापुढे कोणी पंच्याहत्तर सांगितले की त्याने पाच किलोमीटर जास्त सांगितले असे कोणी मानत नाही, त्याने समोरच्याचा संसार काढला असे मानले जाते. वास्तविक सत्तर आणि पंच्याहत्तर यांतील फरक शंभर किलोमीटरच्या प्रवासात ९५ मिलिलिटर, म्हणजे आजच्या भावाने साधारण दहा रुपये भरतो, आणि ज्या टपरीवर हा वाद रंगतो तेथे तो मिटेपर्यंत, किंवा अधिक नेमके सांगायचे तर तो न मिटता उठेपर्यंत, उभय पक्षांनी त्याहून अधिक रकमेचा चहा घेतलेला असतो.

हा वाद फार पुरातन नाही. राजदूत, येझदी या गाड्यांच्या काळात ॲव्हरेज विचारण्याची पद्धत नव्हती, कारण ज्याच्या दारात अशी गाडी असे त्याला खर्चाचा प्रश्न विचारणे शिष्टसंमत नव्हते, आणि या गाड्यांची टू-स्ट्रोक इंजिने, म्हणजे ज्यांत आत घेतलेल्या पेट्रोलचा काही भाग न जळताच धुराबरोबर निघून जातो अशी इंजिने, विचारण्याजोगे काही ठेवतही नसत. १९८५ मध्ये हिरो होंडा कंपनीची ९७.२ सीसीची सीडी १०० ही फोर-स्ट्रोक गाडी आली आणि तिच्याबरोबर ऐंशीचा आकडा आला. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा आशयाची तिची जाहिरात देशभर गाजली. मराठवाड्याने त्यातील पहिल्या दोन सूचना निष्ठेने पाळल्या, तिसरी मात्र आजतागायत पाळलेली नाही. पुढे १९९४ मध्ये स्प्लेंडर आली, आणि १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याची मुळीच तमा न बाळगता ‘पोराला हिरोहोंडा’ ही लग्नाच्या बैठकीतील एक रीतसर बाब होऊन बसली. सासऱ्याने दिलेल्या गाडीचे ॲव्हरेज जावई नेहमी कमी सांगतो आणि सासरा नेहमी जास्त सांगतो, हे निरीक्षण त्याच काळापासूनचे असून त्याला अपवाद अद्याप आढळलेला नाही.

वादाची भाषा ठरलेली आहे. लोह्याच्या बसस्थानकासमोर एखादे निवृत्त गुरुजी ‘साठ-बासष्ट पडतंय’ असे म्हणाले की शेजारचे पाटील कपाळाला आठ्या घालून, ‘बासष्ट? गुरुजी, तुमची गाडी पेट्रोल पिऊलाली. दाखवा एकदा मिस्त्रीला,’ असे म्हणतात, आणि त्यांच्या स्वरात अशी काळजी असते की गुरुजींच्या घरातच कोणी आजारी आहे असे ऐकणाऱ्याला वाटावे. लातूरकडील मनुष्य अशा वेळी मध्ये पडत नाही. तो प्रथम पूर्ण कप संपवतो आणि मग ‘आपली सत्तरच्या खाली कधी आलीच नाही बघा’ एवढेच बोलतो. या ‘कधी’चा काळ किती, हे विचारण्याची प्रथा नाही. येथे एक बाब नोंदवणे अगत्याचे आहे. जुन्या गाड्यांत किलोमीटर मोजणारा काटा पुढच्या चाकातून निघालेल्या एका बारीक केबलवर चालतो, ती केबल दोन-तीन वर्षांत तुटते, आणि तुटल्यावर ती बदलण्याचे काम दसऱ्यावर ढकलले जाते, मात्र कोणता दसरा हे सांगितले जात नाही. पर्यवसान असे, की या दोन जिल्ह्यांतील असंख्य गाड्यांचे काटे बंद आहेत, आणि सर्वांत ठाम, दशांश चिन्हासह सांगितलेली ॲव्हरेजे नेमकी त्याच गाड्यांची असतात. ज्याचा काटा चालू आहे तो बिचारा ‘साधारण’ असा शब्द वापरतो.

कंपनीच्या आकड्याविषयी मात्र दोन्ही जिल्ह्यांत एकमत आहे: तो खोटा असतो. हे एकमत अन्यायाचे आहे, कारण कंपनीचा आकडा खोटा नसून तो दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर असतो. पुण्याच्या वेताळ टेकडीवर १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही वाहनांची तपासणी करणारी संस्था आहे. अशा प्रयोगशाळेत गाडी रस्त्यावर न धावता फिरत्या रुळावर जागच्या जागी धावते आणि तिला कोणत्या सेकंदाला कोणता वेग धरायचा याचे वेळापत्रक दिलेले असते. या वेळापत्रकाला ड्रायव्हिंग सायकल म्हणतात. अनेक वर्षे वापरल्या गेलेल्या भारतीय वेळापत्रकाचे एक आवर्तन १०८ सेकंदांचे असे, ते सहा वेळा केले जाई, त्यात गाडी जेमतेम चार किलोमीटर जाई, तिचा कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर आणि सरासरी वेग ताशी २२ किलोमीटरच्या आत असे. लातूरकरांना हा प्रकार परका वाटण्याचे कारण नाही. प्रश्नपत्रिकेचे स्वरूप आधी माहीत करून घ्यावे, तिचा घोटून घोटून सराव करावा आणि मग त्याच प्रश्नपत्रिकेत विक्रमी गुण मिळवावेत, हा ‘लातूर पॅटर्न’ राज्याला ज्या शहराने दिला, त्याच शहरातील लोकांनी मोटारसायकलच्या गुणपत्रिकेवर मात्र संशय घ्यावा, यात विसंगती आहे. शिवाय प्रयोगशाळेत पेट्रोल मोजत नाहीत. नळीतून निघणारा धूर पिशव्यांत गोळा करून त्यातील कर्बाच्या प्रमाणावरून किती इंधन जळाले ते काढतात. म्हणजे कंपनी धुरावरून हिशेब करते, ग्राहक टाकीवरून करतो, आणि रुळावरच्या त्या गाडीला समोरून वारा नसतो, मागे दाजी नसतात, दाजींच्या मांडीवर सोयाबीनचे पोते नसते. प्रदूषणविषयक बीएस-६ मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली, पण त्याआधीच, बीएस-४ मानकांबरोबर, जुन्या वेळापत्रकाच्या जागी दुचाकींसाठीचे जागतिक वेळापत्रक आले होते, ज्यात वेग अधिक आणि चढउतार जास्त आहेत. दाजींची सोय त्यातही केलेली नाही.

या साऱ्या वादाचा खरा उगम शोधायचा झाल्यास नांदेड-लातूर रस्त्यावरच उतरावे लागते, आणि तेथे जे हाती लागते ते उभय पक्षांपैकी कोणाच्याही बोलण्यात येत नाही. राष्ट्रीय महामार्ग ३६१ नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला जातो. अंतर सुमारे १४० किलोमीटर. नांदेड गोदावरीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटरवर, तर लातूर बालाघाटच्या पठारावर, सुमारे ६३० मीटरवर आहे. म्हणजे नांदेडहून लातूरला निघालेला मनुष्य, मधले चढउतार वजा जाता, पावणेतीनशे मीटर वर चढत असतो, आणि चढ १४० किलोमीटरवर पसरलेला असल्यामुळे त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. गाडी आणि दोन माणसे मिळून अडीच क्विंटलच्या आसपास वजन एवढ्या उंचीवर नेण्यास, इंजिन पेट्रोलमधील उष्णतेचा सुमारे चौथा हिस्साच कामाला लावते हे धरून, ७० ते ८० मिलिलिटर पेट्रोल जास्तीचे लागते; येताना उतारावर त्यातले बरेचसे वसूल होते. एवढ्यानेच जाण्याच्या आणि येण्याच्या ॲव्हरेजमध्ये चार-पाच किलोमीटरांची तफावत पडू शकते. त्यात भर म्हणजे नांदेडवरून लातूर बरोबर नैर्ऋत्येला येते, आणि पावसाळ्यातील वाराही नैर्ऋत्येकडूनच वाहतो. जाणाऱ्याच्या तो छातीवर बसतो, येणाऱ्याला पाठीमागून ढकलतो.

आता या भूगोलाचा सामाजिक परिणाम पाहावा. नांदेडचा मनुष्य नांदेडला टाकी भरून लातूरला जातो, ॲव्हरेज कमी पडते. लातूरला पुन्हा टाकी भरून परत येतो, ॲव्हरेज वाढते. त्यावरून तो असे अनुमान काढतो की लातूरच्या पंपांवरचे पेट्रोल चोख आणि नांदेडच्या पंपांवर गडबड आहे. लातूरचा मनुष्य लातूरला टाकी भरून नांदेडला येतो, गाडी झकास पळते. नांदेडला टाकी भरून परत निघतो, गाडी ‘ओढत नाही’. त्याचेही अनुमान तेच. अशा रीतीने एरवी विमानतळापासून रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यापर्यंत कोणत्याच विषयावर एकमत न होणारी ही दोन शहरे, लातूरचे पेट्रोल चांगले या एका सिद्धांतावर, स्वतंत्रपणे आणि भरपूर पुराव्यानिशी, एकत्र येतात. हा सिद्धांत सपशेल चुकीचा आहे. बालाघाटाने केलेल्या कामाचे श्रेय आणि खापर पंपांच्या वाट्याला येते, आणि डोंगराला जाब विचारण्याची सोय नसल्यामुळे ते बदलण्याची चिन्हे नाहीत.

रस्त्याचीही एक गंमत आहे. खड्ड्यांनी ॲव्हरेज खाल्ले, ही तक्रार या मार्गावर इतकी वर्षे केली गेली की रस्ता चौपदरी होऊ लागला तेव्हा लोकांनी पेट्रोलच्या बचतीची आकडेमोड आधीच करून ठेवली होती. घडले उलटे. खड्ड्यांच्या काळात गाडी ताशी पन्नासच्या वर जात नसे, चौपदरी पट्टा लागल्यावर ती ऐंशीने जाऊ लागली. आणि हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग पन्नासचा ऐंशी झाला की अडथळा दीडपट नव्हे, अडीचपटीहून अधिक होतो. शंभर सीसीच्या गाडीवर सरळ बसलेला, शबनम पिशवी खांद्याला लावलेला, उपरण्याची टोके मोकळी सोडलेला मनुष्य ऐंशीच्या वेगाला हवेला जो विरोध करतो तो लोकशाहीतील कोणत्याही विरोधी पक्षाने करावा इतका भक्कम असतो. ॲव्हरेज उतरले, आणि उतरलेल्या ॲव्हरेजचा दोष डांबराच्या जागी टाकलेल्या सिमेंटला देण्यात आला.

शहरात मात्र हवेचा प्रश्न येत नाही, कारण तेवढा वेगच येत नाही. लातूरच्या गंजगोलाईत, जेथे १६ रस्ते एका वर्तुळाकार बाजारपेठेत येऊन मिळतात, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून इंजिनाची ताकद चाकापर्यंत जेमतेम झिरपू देत, सरकवावी लागते. नांदेडच्या वजिराबादेत किंवा वर्कशॉप कॉर्नरवर सायंकाळी याहून निराळे काही घडत नाही. अशा वेळी गाडी जवळजवळ जागेवर असते आणि इंजिन चालू असते, त्यामुळे त्या क्षणाचे खरे ॲव्हरेज शून्याच्या आसपास असते. पण हे किलोमीटर कोणी हिशेबात धरत नाही. ‘ते सोडा, रोडवर किती देते ते बोला’ असे म्हणून ते बाजूला काढले जातात, आणि वर्षातील तीनशे दिवस शहरात फिरणाऱ्या गाडीचे ॲव्हरेज उरलेल्या दिवसांवर ठरते.

पंपावरील आचारधर्म हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे, तथापि त्यातील दोन कलमे येथे सांगणे भाग आहे. पहिले कलम असे, की पेट्रोल शंभराचे न घेता एकशे दहाचे घ्यावे, दोनशेचे न घेता दोनशे दहाचे घ्यावे, कारण ठोक आकड्यांवर यंत्र ‘सेट’ केलेले असते. याला आधार नाही. यंत्र लिटर मोजते आणि रुपये त्यावरून काढते, शिवाय प्रत्येक पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवणे बंधनकारक असून त्यात जास्तीत जास्त २५ मिलिलिटरचा फरक चालतो, आणि कोणाही ग्राहकाला ते माप मागून खात्री करता येते. परंतु माप मागितल्यास निकाल लागतो आणि निकाल लागल्यास विषय संपतो, म्हणून ते सहसा कोणी मागत नाही. दुसरे कलम असे, की पेट्रोल सकाळी थंड असताना भरावे म्हणजे ते दाट मिळते. पेट्रोल तापमानाने प्रसरण पावते हे खरे. ते तीस अंशांच्या फरकाने सुमारे तीन टक्के फुगते. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते, तेथे सकाळ-दुपारचा भेद फारसा पोचत नाही, आणि मे महिन्यात नांदेडला सकाळी थंड काय असते हाही प्रश्न उरतोच.

मोजण्याच्या रीती दोन. पहिलीत टाकी गळ्यापर्यंत भरायची, काटा टिपायचा, हिंडून येऊन पुन्हा गळ्यापर्यंत भरायची आणि जितके पेट्रोल मावले तितके जळाले असे धरायचे. ही रीत शुद्ध आहे, मात्र पहिल्या वेळी गाडी मधल्या स्टँडवर आणि दुसऱ्या वेळी साइड स्टँडवर कलती उभी असेल तर गळ्याची जागाच बदलते. दुसरी रीत मिस्त्रीची. तो टाकीची नळी सोडवून हँडलला एक बाटली टांगतो, कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारा भाग, आधी रिकामा करतो, बाटलीत खुणेपर्यंत शंभर मिलिलिटर ओततो आणि मालकाला मागे बसवून गाडी काढतो. शंभर मिलिलिटरमध्ये सहा-सात किलोमीटर होतात. शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला इंजिन आचके देऊ लागते तेव्हा मालक श्वास रोखून बसतो, मिस्त्री गाडी किंचित तिरकी करून बाटलीच्या तळाचे थेंब नळीत उतरवतो, आणि गाडी थांबते ती जागा दोघे उतरून पायांनी खुणावतात. परतीसाठी पुरेसे पेट्रोल बरोबर घेणे ही या परीक्षेतील एकमेव अट असून तीच बहुधा विसरली जाते. बीएस-६ गाड्यांत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले, पेट्रोलचा पंप टाकीतच बसला आणि बाटली टांगायला जागा उरली नाही. मिस्त्रीच्या हातचा हवेचा स्क्रूही गेला. ‘पाव आटा फिरवला, आता बघा’ या वाक्याने जे पाच किलोमीटर पूर्वी वाढत, ते वाढायचे थांबले.

एक श्रद्धा मात्र जशीच्या तशी टिकून आहे. बालाघाटच्या उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडली की पेट्रोल वाचते, असे मानणारे आजही बहुसंख्य आहेत. इंजेक्शनच्या गाडीत ॲक्सिलरेटर सोडून गिअर तसाच ठेवला तर चाकेच इंजिन फिरवत राहतात आणि पेट्रोलचा पुरवठा बंद होतो. न्यूट्रल केली तर इंजिनाला जागे राहण्यासाठी स्वतःचे पेट्रोल जाळावे लागते, शिवाय उतारावर सगळा भार ब्रेकवर येतो. हे कोणी समजावून सांगितल्यास, ‘पण आवाज तर कमी येतो की,’ असे उत्तर मिळते.

अलीकडे वादात उसाने प्रवेश केला आहे. पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलचे, म्हणजे उसाच्या रसापासून, मळीपासून किंवा धान्यापासून काढलेल्या मद्यार्काचे प्रमाण २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोचले. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश उष्णता कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या धाटणीच्या दुचाकींचे ॲव्हरेज तीन ते चार टक्क्यांनी घटेल असे म्हटले होते, म्हणजे पासष्टचे त्रेसष्ट. लोकांनी ते पासष्टचे पन्नास केले. मांजरा नदीच्या काठी, ज्या जिल्ह्याच्या मुख्य शहराला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्या लातूर जिल्ह्यात, पिकवलेला ऊस कारखान्यावर जातो आणि त्याचा अर्क पिकवणाऱ्याच्याच टाकीत परत येतो. कारखान्याच्या सभेत इथेनॉल वाढवा म्हणजे उसाला भाव मिळेल, अशी मागणी करणारा सभासद सभा संपल्यावर पंपावर थांबतो आणि या इथेनॉलने गाडीची वाट लावली असे सांगतो. दोन्ही वेळा तो मनापासून बोलत असतो.

सीमेवरच्या उदगीरचा हिशेब आणखी वेगळा आहे, कारण कर्नाटकातील पेट्रोल गेली काही वर्षे महाराष्ट्रापेक्षा स्वस्त राहिले आहे आणि वीसेक किलोमीटरवर कमलनगर लागले की ते मिळते. लिटरमागे चार रुपये वाचतात असे धरले, तर आठ लिटरला बत्तीस रुपये वाचतात आणि जाण्यायेण्याला सत्तर रुपयांचे पेट्रोल जळते. त्यावर उदगीरकर म्हणतो की तो काही पेट्रोलसाठी जात नाही, काम असते, जाता जाता भरतो. आणि काय काम होते असे विचारले असता पेट्रोल भरायचे होते असे सांगतो.

जुलै २०२४ मध्ये बजाजने फ्रीडम १२५ ही सीएनजीवर चालणारी मोटारसायकल आणली. तिच्यात दोन किलो सीएनजीची एक टाकी आणि दोन लिटर पेट्रोलची दुसरी टाकी आहे, आणि किलोला १०२ किलोमीटर असा कंपनीचा दावा आहे. यामुळे शंभरी ओलांडली जावी हे जुने स्वप्न कागदावर तरी पुरे झाले, परंतु टपरीवरील मंडळी त्याने समाधान पावलेली नाहीत. किलो आणि लिटर यांची बेरीज कशी करायची, गॅस संपल्यावर पेट्रोलवर गेलेले किलोमीटर कोणाच्या नावे लिहायचे, आणि गॅसच्या रांगेपर्यंत पोचायला गेलेले किलोमीटर ॲव्हरेजमध्ये धरायचे की खर्चात, हे प्रश्न उभे राहिले आहेत. आणि या गाडीच्या मालकाला ‘किती देते?’ असे विचारले असता तो दोन आकडे सांगतो, तेव्हा ऐकणारे पहिल्यावर विश्वास ठेवत नाहीत आणि दुसरा सांगून होईपर्यंत थांबत नाहीत.